दाता, यात्रेकरू आणि प्रेक्षक : मावळातील वारसास्थळे व त्यांचे अभ्यागत

प्रस्तावना

पुणे-मुंबई लोहमार्गावरील कान्हे स्थानकाकडून उत्तरेस जाणारा रस्ता इंद्रायणी ओलांडून टाकवे बुद्रुक येथे येतो आणि तेथून आंदर मावळात शिरतो. मावळ तालुक्यात आंदर, नाणे आणि पवन अशी तीन खोरी लोकव्यवहारात मानली जातात. त्यांपैकी पहिल्या खोऱ्याचे हे प्रवेशद्वार होय. गावाच्या नावातील ‘बुद्रुक’ हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’वरून आला असून याच तालुक्यात टाकवे खुर्दही आहे. आंदर मावळातील वाड्यावस्त्यांच्या दृष्टीने टाकवे हे बाजारहाटाचे गाव आहे, तर पावसाळ्यात शनिवार-रविवारी येणाऱ्या शहरी मंडळींच्या दृष्टीने ते ठोकरवाडी जलाशयाकडे जाताना मागे पडणारे एक गाव आहे. एकाच गावाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी प्रस्तुत लेखाचा विषय आहेत.

मावळाच्या पर्यटनाविषयी जे लिहिले जाते त्यात लेणी, किल्ले, धबधबे आणि धरणे यांची वर्णने विपुल असतात. तेथे येणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र क्वचितच विचारात घेतला जातो. वास्तविक या प्रदेशात बाहेरून माणूस येणे ही दोन हजार वर्षांची रीत आहे. तो कोणत्या नात्याने आला, त्याने येथे काय ठेवले आणि येथील कलेत त्याचा वाटा कोणता होता, हे प्रश्न विचारले की मावळाच्या वारशाचे चित्र बरेच बदलते. आजचा ‘पाहणारा’ अभ्यागत हा या इतिहासातील सर्वांत अलीकडचा, एकोणिसाव्या शतकात घडलेला प्रकार आहे. नियोजनात मात्र तोच एकमेव अभ्यागत धरला जातो, आणि त्यामुळे येथील जिवंत कला हिशेबाबाहेर राहतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वलूरक येथील दाते

कार्ले येथील चैत्यगृह हे भारतातील खडकात कोरलेल्या चैत्यगृहांत सर्वांत मोठे मानले जाते. त्याची लांबी सुमारे १२४ फूट व रुंदी सुमारे ४५ फूट आहे. ही मापे प्रत्येक माहितीपुस्तिकेत आढळतात. त्यांहून अधिक बोलके आहेत ते तेथील स्तंभांवरील व भिंतींवरील ब्राह्मी लेख. या लेखांत या स्थळाचे नाव ‘वलूरक’ असे येते आणि प्रदेशाचा उल्लेख ‘मामाल’ असा होतो. आजचा ‘मावळ’ हा शब्द त्याच्याशी जोडला जातो. म्हणजे शिवकाळाच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख त्याच नावाने शासनव्यवहारात ओळखला जात होता.

लेण्याला दान देणारे बहुतेक लोक बाहेरगावचे आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. हे ‘शैलगृह’ जंबुद्वीपात उत्तम असल्याचे अभिमानाने सांगणारा श्रेष्ठी भूतपाल हा वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा. धेनुकाकट येथील यवनांनी स्तंभ दिले आहेत. धेनुकाकटचाच सिंहदत्त हा गांधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि सामी नावाचा एक सुतार यांची नावे द्वारभागाच्या कामाशी निगडित आहेत. सुताराचे नाव श्रेष्ठींच्या आणि राजपुरुषांच्या नावांबरोबर खडकावर कोरलेले असावे, हे त्या काळाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. आजच्या कोनशिलांवर गवंड्याचे नाव शोधून सापडत नाही.

या दात्यांपैकी एकाकडे कलेच्या इतिहासकाराने विशेष लक्ष द्यावयास हवे. सोपारा येथील सातिमित हा ‘भाणक’ होता. त्याने पवित्र अवशेषांसह एक स्तंभ अर्पण केला. भाणक म्हणजे धर्मवचने मुखोद्गत करून समुदायापुढे म्हणणारा. ग्रंथ हाती नसलेल्या श्रोत्यांपर्यंत वचन पोहोचविण्याचे साधन त्याचा कंठ हेच होते. कार्ल्याच्या गजपृष्ठाकार छताखाली, सागवानी तुळयांच्या सान्निध्यात, हा आवाज कसा घुमत असेल याची कल्पना तेथे उभे राहून एखादा शब्द उच्चारणाऱ्यास सहज येते. चैत्यगृह ही केवळ पाहण्याची वास्तू नव्हती, ती म्हणण्याची व ऐकण्याचीही वास्तू होती.

नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक येथील लेण्यांत राहणाऱ्या, चारही दिशांनी आलेल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव दिले. पुढे सत्ता सातवाहनांकडे आल्यावरही हे दान चालू ठेवण्याची आज्ञा मामाल येथील अमात्यास देण्यात आली. पावसाळ्यात एका जागी मुक्काम करणाऱ्या भिक्षूंची सोय हा त्यामागील हेतू होता. मावळातील पावसाळी अभ्यागतांसाठी राज्यसंस्थेने केलेली ही पहिली ज्ञात तरतूद म्हणता येईल. राजवट बदलली तरी तरतूद टिकली, ही त्यातील विशेष बाब होय.

यात्रा : येणाऱ्याचे घर

त्याच डोंगरावर, चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी अगदी लगटून, एकवीरा देवीचे मंदिर आहे. चैत्यगृहासमोर डाव्या हातास सिंहशीर्ष असलेला स्तंभ उभा आहे आणि त्याचा जोडीदार जेथे असावा असे अभ्यासक मानतात, त्या जागी हे मंदिर आहे. कोकण किनाऱ्यावरील आगरी-कोळी समाज व चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजातील अनेक कुटुंबे यांची ही कुलदेवता. चैत्रातील यात्रेस कोळी भाविक पालख्या घेऊन घाट चढून येतात व त्यांच्याबरोबर त्यांची गाणी, वाद्ये आणि नाच येतात. समुद्रकाठच्या गाण्यांचे एवढे मोठे वार्षिक संमेलन सह्याद्रीच्या माथ्यावर भरावे, ही महाराष्ट्राच्या लोकसंगीताच्या भूगोलातील एक लक्षणीय घटना आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात मातृदेवतांची ठाणी, प्राचीन व्यापारी मार्ग व लेणी यांचा परस्परसंबंध दाखवून दिला. कार्ल्याच्या स्तूपालाच कोळी भाविक देवीरूप मानतात, हेही त्यांनी नोंदविले आहे. पुरातत्त्वज्ञाच्या दृष्टीने ही दोन स्थळे आहेत. भाविकाच्या पायांना ते एकच स्थळ आहे. असाच प्रकार तालुक्याच्या पूर्वेस भंडारा डोंगरावर दिसतो. तेथे जुनी लेणी आहेत आणि तुकोबांच्या चिंतनाचे स्थान म्हणून वारकरी तेथे जातात. माघ शुद्ध दशमीच्या सोहळ्यात टाळ-पखवाज तेथे घुमतो. सुदुंबरे येथील संताजी जगनाडे महाराजांची समाधीही याच परिसरात आहे.

या मोठ्या यात्रांच्या खालोखाल प्रत्येक गावाची आपली यात्रा असते आणि मावळातील कलाजीवनाचा खरा आधार तीच आहे. चैत्र-वैशाखात ग्रामदैवताचा छबिना, भजनी मंडळांची रात्र, कुस्त्यांचा आखाडा, लोकनाट्य तमाशा व बैलगाडा शर्यतीचा घाट असा तिचा क्रम असतो. तमाशाची सुपारी देण्यासाठी गावचे पंच जुन्नर तालुक्यातील नारायणगावी जातात. तेथे हंगामापूर्वी फडांच्या राहुट्या लागतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्यासारख्या कलावंतांची कारकीर्द अशाच यात्रांच्या वर्गणीवर उभी राहिली. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयाने बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. प्राण्यांच्या वेदनांचा प्रश्न या निर्णयाने मिटला असे नाही. परंतु बंदीच्या काळात अनेक गावांच्या यात्रांचा दिवसाचा भाग ओस पडला होता, हेही इतिहासात नोंदवावे लागते.

या यात्रेचा अभ्यागत कोण असतो? तो बहुधा गावचाच, पण मुंबईत राहणारा. मुंबईत १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या डबेवाल्यांच्या व्यवसायातील बहुसंख्य लोक मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातील आहेत. चैत्रात गावोगावच्या यात्रांसाठी ते सामुदायिक सुट्टी घेतात व महानगरातील डबे काही दिवस बंद राहतात. दरवर्षी मुंबईची वृत्तपत्रे ही बातमी ग्राहकांची गैरसोय म्हणून छापतात. मावळाच्या बाजूने पाहिले, तर ही तालुक्यातील सर्वांत मोठ्या सांस्कृतिक हंगामाची सुरुवात असते. हा मनुष्य वर्गणी देतो, पालखीला खांदा लावतो, भजनात टाळ धरतो. त्याची गणना कोणत्याही पर्यटन-आकडेवारीत होत नाही, कारण तो हॉटेलात उतरत नाही.

प्रेक्षकाचे आगमन

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक वेगळा अभ्यागत येथे आला. लॉर्ड व्हॅलेन्शिया १८०४ च्या सुमारास कार्ल्यास आला. त्याच्यासोबत हेन्री सॉल्ट हा चित्रकार होता. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहम या लेखिकेने लेणे पाहून त्याचे वर्णन केले. पुढे जेम्स फर्ग्युसन याने १८४५ मध्ये खडकातील मंदिरांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बर्जेस याच्यासह १८८० मध्ये भारतातील लेण्यांचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला. या मंडळींचे ऋण मोठे आहे. त्यांच्या नकाशांशिवाय आजचा अभ्यास एक पाऊलही पुढे जाणार नाही. मात्र त्यांच्यासमवेत पाहण्याची एक नवी रीत आली. वास्तू मोजावी, रेखाटावी आणि मनात तिच्या भोवतालच्या वर्तमान माणसांपासून वेगळी करावी, अशी ती रीत होती. या दृष्टीला मंदिर, नवस, कोंबडे आणि ढोल हे अडथळे वाटले तर नवल नाही.

लोहमार्गाने ही रीत सर्वांना उपलब्ध करून दिली. खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटाचा चढ १८६३ मध्ये खुला झाला. येथे एका प्रचलित माहितीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. लोणावळ्याचा ‘शोध’ १८७१ मध्ये लॉर्ड एल्फिन्स्टन याने लावला, असे पर्यटनविषयक पुस्तिका एकमेकींवरून उतरवून घेत असतात. मुंबईचे एल्फिन्स्टन नावाचे गव्हर्नर दोन झाले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ मध्ये आणि जॉन, लॉर्ड एल्फिन्स्टन १८६० मध्ये निवर्तले. १८७१ मध्ये लोणावळा शोधण्यास दोघांपैकी कोणी हयात नव्हते. शिवाय त्या वर्षी खंडाळ्यापर्यंत आगगाडी येऊन तेरा वर्षे लोटली होती आणि लोणावळ्याच्या आसपास माणसे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. दंतकथा म्हणून ही गोष्ट निरुपद्रवी वाटते, पण ‘शोध’ या शब्दातून आधीच्या रहिवाशांना इतिहासातून वजा केले जाते.

वीजनिर्मितीसाठी टाटा समूहाने लोणावळा परिसरात धरणे बांधली. आंदर मावळात आंद्रा नदीवरील ठोकरवाडी धरणाचे पाणी भिवपुरी येथील वीजगृहाकडे नेण्यात आले व ते केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. शेजारच्या मुळशीत १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, हे सर्वज्ञात आहे. आज ठोकरवाडीचा जलाशय तंबूत रात्र घालविण्याचे रमणीय ठिकाण म्हणून प्रसिद्ध आहे. त्या पाण्याखाली खोऱ्यातील जमीन आहे, ही गोष्ट तेथील पाहुण्यास सांगणारी एकही पाटी लावण्याची गरज कोणास वाटलेली नाही. यात्रा गावाच्या शिवेशी बांधलेली असते. ग्रामदैवताचे ठाणे, छबिन्याची वाट आणि मानकऱ्यांची घरे मिळून ती पूर्ण होते. शिव बुडाली की देव हलविता येतो, परंतु छबिन्याची वाट हलविता येत नाही.

शिल्पातील वाद्य व जात्यावरील गळा

भाजे येथील लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातात. तेथील विहारात सूर्य व इंद्र म्हणून ओळखली जाणारी प्रसिद्ध शिल्पे आहेत. इंद्राच्या शिल्पपटात आसनस्थ राजपुरुषासमोर नृत्य करणारी व वीणेसारखे तंतुवाद्य वाजविणारी आकृती दिसते. याच लेणीसमूहात जोडवाद्य वाजविणारी स्त्री व तिच्याबरोबर नृत्य करणारी स्त्री असे एक शिल्प आहे. त्यावरून ‘तबल्याचा जन्म भाज्यात झाला’ असे सांगण्याची प्रथा पडली आहे. जोडीने वाजविण्याचे चर्मवाद्य भारतात प्राचीन आहे व नाट्यशास्त्रातील पुष्कर वाद्यांशी त्याचा संबंध जोडता येतो, एवढे या शिल्पावरून निश्चित म्हणता येईल. आज आपण ज्याला तबला म्हणतो त्याचे नाव, घडण व वादनपद्धती यांचे पुरावे मात्र अठराव्या शतकापासून मिळतात. दोन हजार वर्षांचे अंतर एका उडीत पार करणारे विधान मार्गदर्शकाच्या तोंडी शोभते, पाठ्यपुस्तकात शोभत नाही.

या उत्साहाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. दगडातील स्त्रीवादकाचे कौतुक करणाऱ्यास पायथ्याच्या घरातील गाणारी स्त्री दिसत नाही. हेमा राईरकर व गी पॉयट्व्हाँ यांनी पुण्यातील आपल्या संशोधन केंद्रामार्फत पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातून जात्यावरील ओव्या गोळा करण्यास सुरुवात केली. मुळशी हे त्या कामाचे एक प्रमुख क्षेत्र होते. पुढे हा संग्रह महाराष्ट्रभर विस्तारून एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने १९९० च्या दशकात त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण झाले. पॉयट्व्हाँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या­नंतर ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने हा ठेवा गायिकांची नावे, गावे व छायाचित्रांसह लोकांसमोर आणण्याचे काम हाती घेतले. सासर-माहेर, बाळ, भाऊ, पंढरी, सीता, आंबेडकर असे विषय त्या ओव्यांतून येतात. गिरणीमुळे जाते थांबले आणि ओवीचे नैसर्गिक निमित्त संपले, हे खरे. पण सह्याद्रीच्या या पट्ट्याची सर्वांत मोठी कलासंपत्ती कोणती असा प्रश्न कोणी विचारल्यास, चैत्यगृहाच्या बरोबरीने या संग्रहाचे नाव घ्यावे लागेल. कार्ल्याच्या खांबांवर ज्याप्रमाणे दात्याचे नाव व गाव आहे, त्याचप्रमाणे येथे प्रत्येक ओवीपुढे गाणारणीचे नाव व गाव आहे. दोन्ही नोंदींचे मोल इतिहासकारास सारखेच वाटावयास हवे.

लोहगड आणि सहावा निकष

पवन मावळावर नजर ठेवणारा लोहगड १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागला व १६७० मध्ये तो पुन्हा स्वराज्यात आला. पेशवाईत नाना फडणीसांनी त्याचा उपयोग केला आणि मार्च १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. जुलै २०२५ मध्ये पॅरिस येथील अधिवेशनात युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात असून एक तमिळनाडूतील जिंजी आहे. लोहगड या बारांत आहे. मावळाच्या दृष्टीने ही अभिमानाची घटना होय.

हा समावेश चौथ्या व सहाव्या निकषांखाली झाला आहे. चौथा निकष वास्तुप्रकाराशी निगडित आहे. सहावा निकष ऐतिहासिक घटना, जिवंत परंपरा, श्रद्धा व कलाकृती यांच्याशी असलेल्या प्रत्यक्ष संबंधाला महत्त्व देतो. म्हणजे तटबंदी जेवढी वारशाचा भाग आहे, तेवढाच तिच्याभोवतीचा पोवाडा, यात्रा व स्मृतीही आहे, असे या निकषाच्या भाषेवरून म्हणता येते. व्यवहारात मात्र पायथ्याच्या गावकऱ्यास वारसा भेटतो तो प्रामुख्याने बंधनाच्या रूपाने. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे व त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. स्मारकासाठी ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु ज्या कुटुंबास घराची पडवी वाढविता येत नाही, त्यास त्या बदल्यात वारशाच्या व्यवस्थापनात आवाज मिळावा, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

गर्दीचा प्रश्न तर जिवावर बेतणारा झाला आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथील इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला व अनेक जखमी झाले. अशा प्रत्येक घटनेनंतर मनाई आदेश निघतात. स्थळाशी कोणतेही नाते नसलेला समुदाय एका दिवशी एका ठिकाणी लोटतो, तेव्हा त्यास आवरण्यास आदेशाखेरीज दुसरे साधन उरत नाही. एकवीरेच्या यात्रेतही गर्दी असते व तेथेही बंदोबस्त लागतो. परंतु पालखीचा क्रम, मान आणि वेळ ठरलेली असल्याने त्या गर्दीला स्वतःची अशी एक रचना असते.

शासकीय महोत्सव हा यावरील उपाय म्हणून वारंवार सुचविला जातो. वेरूळचा अनुभव या बाबतीत विचार करण्यासारखा आहे. तेथील महोत्सव आरंभी लेण्यांच्या सान्निध्यात होत असे. पुढे तो शहरातील सोनेरी महालाच्या आवारात नेण्यात आला. स्मारकाच्या रक्षणासाठी ते योग्यच झाले. तथापि नामवंत कलाकार, निमंत्रित श्रोते व दगडी पार्श्वभूमी एवढीच महोत्सवाची सामग्री असेल, तर तो कोठेही भरविता येतो, हेही त्यातून सिद्ध झाले.

या संदर्भात स्कॉटलंडच्या ग्रामीण भागातील एक उदाहरण उपयुक्त ठरावे. तेथील गेलिक भाषेच्या गायन-वादनाचा ‘मोड’ हा मेळावा ओबान या लहानशा बंदरगावी १८९२ मध्ये प्रथम भरला व पुढे तो गावे बदलत भरत राहिला. १९८१ मध्ये बारा या बेटावर ‘फेश’ नावाचा उपक्रम सुरू झाला. आपल्या मुलांच्या तोंडून गेलिक गाणी व हातातून वाद्ये नाहीशी होत आहेत, या चिंतेतून स्थानिकांनी मुलांना शिकविण्यासाठी तो आरंभिला. पुढे असे उपक्रम स्कॉटलंडमध्ये ठिकठिकाणी उभे राहिले. पाहुण्यांसाठी ते सुरू झाले नव्हते. शिकणारी मुले व शिकविणारी वडीलधारी मंडळी गावात आहेत, म्हणून पाहुण्यास तेथे ऐकण्यासारखे काही मिळते. आपल्याकडील अखंड हरिनाम सप्ताह याहून फारसा वेगळा नाही. काकड्यापासून काल्याच्या कीर्तनापर्यंत सात दिवस मृदंग वाजविणारी, वीणा घेऊन उभी राहणारी व पखवाजाचे पहिले बोल मोठ्यांच्या शेजारी बसून शिकणारी मुले मावळातील गावांत आजही आहेत. या सप्ताहाचा उल्लेख पर्यटनाच्या कोणत्याही आराखड्यात करण्याची आवश्यकता नाही, आणि कदाचित तो न होणेच त्याच्या हिताचे ठरेल. आवश्यकता आहे ती यात्रेच्या दिवसांत रस्ता, पाणी, वीज व आरोग्यपथक यांची व्यवस्था शनिवार-रविवारच्या वाहनांइतक्याच तत्परतेने होण्याची.

तालुक्यातील महाविद्यालयांनाही येथे करण्यासारखे काम आहे. भजनी मंडळांच्या वह्या, यात्रेच्या वर्गणीची जुनी बाडे, तमाशाच्या सुपारीच्या चिठ्ठ्या व धरणापूर्वीच्या छबिन्याच्या वाटांच्या आठवणी ही साधने अद्याप घरोघरी आहेत. इतिहास व मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांना टाकव्यापासून ठोकरवाडीपर्यंतच्या एका खोऱ्याचे असे संकलन दोन वर्षांच्या प्रकल्पात करता येईल. त्यात प्रत्येक गाणाऱ्याचे नाव व गाव लिहिले जावे, मुद्रणापूर्वी त्याची संमती घेतली जावी आणि संकलनाची पहिली प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवली जावी.